आता तिथे कुणी लागत नाही

सर, धामणकर नाक्यावरच्या तुमच्या कम्प्युटर क्लासच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. खालचे कापडाचे लूम मात्र चालूच आहेत, जिन्यात उभं राहिलं की पायाखालच्या पायऱ्या अजून तशाच थरथरतात. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते, त्यामुळे मी काय करते हे तुम्हाला ठाऊकच नाही. घरी एकदा सांगून पाहिलं. वहिनी म्हणाली, "म्हंजे तू दिसभर नुसती कम्प्युटर बगतच बसतेस? दुसरा काय काम न्हाय?"

आमच्या पूर्णा गावातच एका गोदामाच्या ऑफिसात असते मी. पूर्वी त्या जागी चुलत्यांचं भातशेत होतं. दुकानदार आमच्या वेबसाइटवर येऊन आपला माल कुठवर पोचला ते पाहतात. आधी ती साइट चालवणारा एकच सर्व्हर होता, ऑफिसातच. वीज गेली की तो बंद, आणि सणासुदीला गर्दी झाली की वीज असूनही बंद. मग मी गोदामाच्या मालकांना, शेठना, भाड्याचे सर्व्हर घ्यायला लावले. ते असतात कुठेतरी परदेशात. गर्दी वाढली की आपोआप नवा सुरू होतो, ओसरली की बंद होतो, आणि साइटवर येणारी माणसं सगळ्या सर्व्हरमध्ये वाटून दिली जातात. शेठ म्हणाले, "जो दिखता नहीं उसपे भरोसा कैसे करूं? दिवाळीत साइट बसली तर बघ, दुकानदार दुसरीकडे जातील, मग तू पण घरी आणि मी पण."

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी नेमकं तेच व्हायला लागलं. गर्दी वाढली, नवा सर्व्हर आला आणि थोड्या वेळात गेला. दुसरा आला, तोही गेला. फोन वाजतायत, शेठ माझ्या खुर्चीमागे उभे आहेत, आणि मी दिसेल ते बदलत सुटले आहे. तेव्हा तुम्ही आठवलात. माझा प्रोग्राम अडला की मी अशीच ओळीमागून ओळ बदलत जायचे, आणि एकदा सगळ्यांसमोर तुम्ही कीबोर्ड ओढून घेतला होतात. "हात बांधून बस. स्क्रीनवर ते काय सांगतंय ते आधी वाच." मला रडू आलं होतं. निघताना तुम्ही क्लासची एक किल्ली माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, सकाळी कुणी नसतं, येऊन सराव करत जा.

मी शेठना म्हटलं, "जरा वेळ कुणी बोलू नका," आणि खरंच हाताची घडी घालून सर्व्हरच्या नोंदी वाचत बसले. मग कळलं. सर्व्हर मरत नव्हते, काढून टाकले जात होते. गर्दी वाटून देणारी यंत्रणा प्रत्येकाला अधूनमधून विचारते, ठीक आहेस ना? आमचं उत्तर देणारं पान आधी सगळ्या मालाच्या नोंदी तपासायचं आणि मग हो म्हणायचं. गर्दीत त्याला उशीर व्हायचा, की धडधाकट सर्व्हर आजारी ठरायचा आणि त्याचा भार उरलेल्यांवर पडायचा. मी ते पान नुसतं हो म्हणण्यापुरतं ठेवलं. पुढचा सर्व्हर आला तो टिकला. त्याच्यामागून आणखी आले. फोन हळूहळू थांबले. शेठनी सगळ्यांसाठी बिर्याणी मागवली. "अब ये अपने आप चलेगा ना?" मी म्हटलं, "हो शेठ."

सगळे खाली जेवायला गेले. कसं सापडलं ते मला कुणाला तरी पहिल्यापासून सांगायचं होतं. वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, "बरा झाला. येताना कोथमीर आन."

त्यानंतर साइट बसलेली नाही. काही बिघडलंच तर मोबाइलवर मेसेज येईल, अशी सोय मीच केली आहे, आणि मेसेज येत नाही. शेठनी सांगून टाकलंय, रविवारी येऊ नकोस. तरी मी येते. घरी सांगते, काम आहे. आजही रविवार आहे, गोदामाचं शटर खाली आहे, आणि काम काहीच नाही, सर. हे मी तुम्हालाच सांगू शकते, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही.