हिरव्या डब्याचा ठप्प आवाज

मी, प्रेमला धर्मराज तांडेल, राहणार करावे गाव, चौथी पास, विधवा, कुणाच्या धाकाने नाही की कुणाच्या गोडगोड बोलण्याने नाही, माझ्या मर्जीने हे लिहून ठेवते. पिशवीचं ऑपरेशन आहे, म्हणून घाई. डोकं ठिकाणावर आहे. एका बाबतीत नाही, ते खाली येईल.

१. घर. खालची खोली मुलगा दिपेशची, वरची मुलगी उन्नतीची. जिना दोघांचा. तिथे चपलांवरून भांडू नये.

२. बँकेतलं निम्मं निम्मं. दागिने उन्नतीला. नथ दिपेशच्या बायकोला, येईल तेव्हा.

३. माझं सोल्डरिंग आयर्न उन्नतीला. कंपनीत लाइनवर शिकलेलं माझं काम तिच्या हातात आलंय. दिपेश त्यावर सिगरेट पेटवतो, मला माहीत आहे.

४. हिरवा डबा. इथे माझं डोकं चालत नाही. ह्यांनी गिटारसाठी घरी बनवलेला. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो. पण दाबताना स्पीकरमधून आधी ठप्प होतं. हळदीच्या कार्यक्रमात, गाणं हळू चाललेलं, आणि ठप्प! ऑर्केस्ट्राचे मालक रावसाहेब माइकवर म्हणाले, "धर्मा, डब्याला उचकी लागली काय रं?" सगळा मांडव हसला. त्यानंतर ह्यांना बोलावणं आलं नाही. हे गेले तोवर आलं नाही. रावसाहेबांना माझ्या तेराव्याला बोलवू नये.

ह्यांनी बटणं बदलबदलून पाहिली. आवाज तसाच. उन्नती म्हणते, दोष बटणात नाहीच. बटण बंद असताना आत कपॅसिटरच्या टोकाला वीज साठते, दाबलं की एकदम सुटते. तिथून अर्थिंगला दहा लाख ओहमचा रेझिस्टर जोडला की ती हळूहळू झिरपून जाते. मी म्हटलं, बंद असताना साठते कशी? बंद दुकानात गल्ला भरतो का? तिने दुसऱ्या डब्यात जोडून दाखवला. आवाज गेला. मला तरी कळलं नाही.

पण हिरवा दिपेश खोलू देत नाही.

"आये, बाबांचा हात हाय त्याच्यात."

"हात नाय, चूक हाय," उन्नती म्हणाली.

"बाबांना चूक बोलतेस?"

"वायरला बोलते, शान्या!"

तेव्हापासून दोघं एकत्र जेवत नाहीत.

मला दोघांचं पटतं, तिथेच घोटाळा. आधी लिहिलं, डबा दिपेशला. खोडलं. मग उन्नतीला. तेही खोडलं. आवाज ठेवला तर रावसाहेब खरे ठरतात. काढला तर ह्यांचं काय उरतं? आणि गेला हे लोकांना दाखवायचं कसं? नसलेला आवाज कोण ऐकतं?

५. ठरवते. हे डब्यात सोल्डर मारायचे तेव्हा तार मी चिमट्याने धरायची. थंड होईपर्यंत हात हलला की सांधा कच्चा. एकट्याचं काम नाही ते. म्हणून डबा दोघांचा. खोलावा. ह्यांनी जोडलेलं काहीएक काढू नये, फक्त तो एक रेझिस्टर वाढवावा. सोल्डर उन्नतीने मारावं, तार दिपेशने धरावी, आणि सांधा थंड होईपर्यंत तोंडं बंद ठेवावीत. हे कायद्यात बसतं का माहीत नाही. बसवा.

मग कुणाच्या तरी हळदीला वाजवा. तरीही ठप्प झालंच, तर माझ्या फोटोसमोर येऊन विचारू नका. मला तेव्हाही कळणार नाही.

सही: प्रेमला ध. तांडेल

आमच्या देखत, न अडखळता सही केली:
१. चांगुणाबाई म्हात्रे, शेजारीण
२. केयूर भोईर, भाडेकरू

करावे, नवी मुंबई
१४ नोव्हेंबर २०२४