मरून राह्यला

बाबा, आज सकाळी नातू मला म्हणाला, "आबा, मी जेवून राह्यलो, मंग येतो," आणि मी त्याला टोकलं. "जेवतोय म्हण," म्हणालो. पोरगं बिचारं ताट तसंच ठेवून हात धुवायला गेलं. आपल्या घरात, आपल्या गावात, मी आपल्याच पोराला पुण्याची मराठी शिकवत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला. मग तुम्हाला लिहायला बसलो. हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून तर लिहिता येतंय.

लढाईच्या काळात मी धामणगाव बढ्याहून पुण्याला फौजेत गेलो, ते तुम्हाला पटलं नव्हतं. निदान हातात बंदूक देतील असं तुम्हाला वाटलं होतं. मला दवाखान्याच्या कामाला घेतलंय हे कळल्यावर तुम्ही खळ्यात सगळ्यांसमोर म्हणालात, "लोकाचं हागणं-मुतणं काढाले तुले सरकार पगार देते काय बे?" देत होतं, बाबा. आणि त्याआधी ते शिकवतही होतं, अगदी कवायतीसारखं. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, थर्मामीटर कसं झटकायचं, तिकोनी पट्टी हाताला कशी आणि डोक्याला कशी. आम्हीच आळीपाळीनं खोटे जखमी व्हायचो, मैदानात आडवे पडून कण्हायचो, आणि बाकीचे स्ट्रेचर घेऊन धावत यायचे. शिकवणाऱ्या हवालदाराला आम्ही उस्ताद म्हणत असू. पुण्याकडचा माणूस, कडक, पण मनानं वाईट नाही. त्याचा एक हट्ट होता. जखम मागून सांगा, आधी जिवंत की मेला ते सांगा, आणि एका शब्दात सांगा.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे पुण्याच्या पोरांना मी परमुलखातलाच. "मले", "तुले", "काऊन" म्हटलं की बराकीत हशा. पट्टी बांधताना मी "बांधून राह्यलो" म्हणालो तर एक जण म्हणाला, "बांधून झालं ना, मग राहिलास कशाला, घरी जा." मीही हसलो. मग रात्री पडल्या पडल्या त्यांच्यासारखं बोलून पाहायचो. सात-आठ महिन्यांत बोली अशी धुऊन काढली की नवी पोरं मला सातारचा समजायची. आणि मला त्याचा आनंद व्हायचा, बाबा. फुशारकीच म्हणा ना.

शेवटच्या परीक्षेच्या आधी उस्तादानं मला वर्गातून बाहेर बोलावलं. आपल्या शेजारचे पिंजारी चाचा लेकीला भेटायला पुण्याला आले होते, आईचा निरोप घेऊन फाटकावर येऊन गेले. त्यांना आत सोडलं नाही, म्हणून उस्तादालाच सांगून ते गेले. उस्ताद माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझे वडील मरून राहिले म्हणतात. धीर धर." त्यानं चाचांचे शब्द जवळजवळ तसेच सांगितले होते. मरून राह्यले. म्हणजे अजून आहेत, श्वास चालू आहे, पोराला लवकर पाठवा. आपल्याकडचं शेंबडं पोरही हे समजलं असतं. मी नाही समजलो. मी ते पुण्याच्या कानानं ऐकलं. तुम्ही गेलात असं धरून मी रडलो. उस्ताद म्हणाला, क्रियाकर्म तर उरकलंच असेल, आता परीक्षा देऊन जा, वर्ष वाया घालवू नकोस. सोबत्यांनी न्हावी आणला. डोकं भादरलं, मिशी उतरवली.

परीक्षेत साहेबानं मला विचारलं, ज्याला स्वतःला कूस बदलता येत नाही त्याला कसं वळवाल? मी करून दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, झटका द्यायचा नाही, मग पाठ पुसून पावडर लावायची. शाबासकी मिळाली. त्या वेळी तुम्ही इकडे बाजेवर उताणे पडून होता, आणि आईला एकटीला तुम्हाला वळवता येत नव्हतं.

मलकापूरला गाडीतून उतरलो, तिथून गावापर्यंत पोचलो. अंगणात शिरताना दुःखाच्या घरात जायचं म्हणून टोपी काढून हातात घेतली. आणि दारातून पाहिलं तर तुम्ही बाजेवर, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहताय. आईच्या हातातली वाटी खाली पडली. तापानं तुमचा आवाज बसला होता, तरी तुम्ही विचारलंत, "कोन मेलं बे?"

मी म्हणालो, "कोणी नाही बाबा. उवा झाल्या होत्या."

तुम्ही मला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला, मग ओठावरून बोट फिरवलं. "फौजेत मिशीतबी उवा होते काय?" असं म्हणून थोडं हसलात. संध्याकाळी एवढंच म्हणालात, "चाचा कवाचा सांगून आला. उशीर काऊन केला रे?" बाप मेला असं समजून परीक्षेला बसलो होतो, हे तुम्हाला सांगायला माझी जीभ उचलली नाही.

तुमच्या पाठीला जखमा पडल्या होत्या. मी त्या धुतल्या, कूस बदलत राहिलो, खालचं सगळं काढलं. तुम्ही तोंड भिंतीकडे करायचात. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पोरगं फौजेतून शिकून आलं. ते ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. जखमा सुकायला लागल्या होत्या, पण पुढचा बाजार भरायच्या आत तुम्ही गेलात. स्मशानात न्हावी वस्तरा घेऊन माझ्यासमोर बसला, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि काय करावं त्याला कळेना. शेवटी पाणी लावून त्यानं वस्तरा नुसताच फिरवला. चुलते दुसरीकडे पाहत होते. डोकं आधीच का भादरलं होतं, ते गावानं ओळखलं होतं.

शब्द समजला नाही, हे मी पुढे आईजवळ कबूल केलं. ती म्हणाली, "जाऊ दे बापू." पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. त्या दिवशी दारातून तुम्हाला जिवंत पाहिलं, तेव्हा मला आधी आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की टोपी काढायला नको होती.