मोटारीचं नवं नाक आणि कुंभारणीची चार घरं

मु. जगलबेट
फाल्गुन वद्य तृतीया

तीर्थरूप अनुसयावैनींच्या पायाशी जगलबेटहून इंदूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दादाचा दमा, तुमचा गुडघा आणि काळ्या म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. (नसतील तर उत्तरात लिहा, मी इथं एकेक विचारत बसले तर कागद संपेल.) इकडे आम्ही खुशाल. आमची फुला लोंढ्याला सासरी सुखरूप आहे. सातवा सरला, आता बाळंतपणाला तिला इकडे आणायचं. घरात मोटार आहे, एवढं सोडलं तर सगळं सुख आहे.

कुळगीच्या जंगलातला साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची शर्यतीची मोटार तुमच्या दाजींनी घेतली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. दोन माणसं बसतात, तिसऱ्यानं मागून पळत यायचं. डोक्यावर छप्पर नाही. तरी एवढ्यावर भागलं असतं, पण परशू आला. हा परशू पूर्वी भाताच्या गिरणीत इंजिनाला तेल घालायचा, म्हणून आमच्या घरात तो इंजिनेर. चढाला मोटार धापा टाकते असं यांनी म्हटलं मात्र, त्यानं वैद्यासारखा तिच्या कुशीला कान लावला आणि म्हणाला, "मालक, पेट्रोल हिला मायंदाळ हाय, पर वारा पुरंना. नाक बारीक हाय हिचं." झालं! मुंबईच्या कुठल्याशा छापील पुस्तकातून मोटारीला नवं नाक मागवलं. पितळेची नळी, तोंड देवळातल्या कर्ण्यासारखं पसरट, आतून आरशासारखी गुळगुळीत, का तर आत शिरताना वारा अडखळू नये. आमच्या उंबऱ्याला ठेचकाळून तीन पाहुण्यांची नखं गेली, त्याला कधी रंधा लागला नाही, पण वाऱ्याची एवढी काळजी!

नाक बसवलं आणि मोटार अंगणातच चालू केली. त्याच अंगणात मी आणि शेजारची रुक्मा वर्षाच्या मिरच्या कांडत होतो, हे दोघांनाही चांगलं दिसत होतं (माझा आवाज तर दिग्गीपर्यंत जातो). मोटारीनं एक लांब श्वास घेतला, उखळावरची पूड उचलली आणि मागून जो धूर सोडला त्यानं गल्लीतली कुत्रीसुद्धा ठसकली. हे डोळे पुसत पुसत म्हणतात, "ओढ बघितलीस का, ओढ?" मी म्हटलं, "बघितली. आता आमटीत काय घालू, परशूला?" पुढं कचरा आत जाऊ नये म्हणून माझी पिठाची चाळण तारेनं त्या नाकावर बांधली. मग परशूला उमगलं की वारा वाढला पण पेट्रोल तेवढंच, म्हणून मोटार फटाके उडवते. म्हणून पेट्रोलचं भोक मोठं केलं. मग ती इतकं पेट्रोल प्यायला लागली की वारा पुन्हा कमीच. दोघे तिच्यापुढं उकिडवे बसून तिला असं काय काय भरवायचे, फुला तान्ही असताना यांनी तिला एवढं कधी भरवलं नाही.

तेवढ्यात अमावास्या जवळ आली. नवा भाग घातलेली मोटार अशा दिवसांत बाहेर काढू नये म्हणून आठ दिवस फणसाखाली उभी ठेवली. (चाळण मी त्याच दिवशी सोडवून आणली. भाकरीचं पीठ काय पदरातून चाळू?) अमावास्या सरली, यांनी नारळ फोडला आणि बघतात तर कुंभारीण माशीनं त्या गुळगुळीत नाकात मातीची चार घरं बांधलेली! परशू नळी खरवडायला पुढं झाला आणि मी उलथनं घेऊन आडवी आले. घरात मूल यायचं असलं की कुंभारीण येते आणि तिचं घर मोडायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मी म्हटलं, "हात लावून तर बघ रं. माझी पोर पोटुशी हाय." परशूनं हत्यार खिशात घातलं. हे म्हणाले, "अगं, ही इंजिनाची नळी, देव्हारा न्हवं." मी म्हटलं, "ते माशीला सांगा." रुक्मानं तर लगेच मोटारीला हळदकुंकू वाहिलं. यांनी लोंढ्याच्या भर बाजारात व्याह्यांना सांगून ठेवलंय की पोरीला मोटारीतूनच नेईन. आता घरं रिकामी होऊन नाक कधी मोकळं होतं म्हणून रोज सकाळी एक डोळा मिटून नाकात बघत बसतात. जेवायला हाक मारून माझा घसा बसला.

थोरांना नमस्कार, पोरांच्या गालाला पापा. आता चुलीकडं बघते.

आपली नणंद
इंदू

ता. क. दादाची डोली आणि चार भोई लोंढ्याला धाडा. फुलाला घेऊन सावकाश इकडे येऊ देत. गेल्या खेपेला बैलगाडीच्या हिसक्यांनी काय झालं ते तुम्ही इथंच होता, बघितलंत. यांनी मोटार घेतली ती त्याचसाठी. तोंडानं बोलत नाहीत, पण मला कळतं. मात्र मी त्या मोटारीत एकदा बसले आहे. लाकडाच्या गाड्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्यांत तिचं पोट घासतं आणि आतलं माणूस हातभर वर उडतं. दोन दिवस मला खाली बसवत नव्हतं. त्यापेक्षा बैलगाडी बरी. हे यांना सांगितलं तर माणूस खचेल. म्हणून डोली मामाचा मान म्हणून तुम्ही आपल्या मनानं पाठवताय, असं लिहा.

आणखी एक. कुंभारणीवर माझा काडीचा विश्वास नाही. गेल्या खेपेला देव्हाऱ्यावर तिची सहा घरं होती. आज सकाळी नाकातल्या एका घराला भोक पडलं आणि माशी उडून गेली. हे उठायच्या आत मी चुलीची ओली माती लावून ते बुजवलं. अजून तीन राहिलीत. वैनी, माझ्यानं हे कुंभारकाम फार दिवस निभायचं नाही. भोई लवकर धाडा.