दोन चिठ्ठ्या

ता. १४, शनिवार

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार. गुडघा कसा आहे? तेलगिरणीतल्या आपल्या वासाच्या खोलीला नवा रंग दिलाय. आता तेलाआधी रंगाचाच वास येतो. कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

बातमी अशी की तुमची खुर्ची मला देऊ केली. मुख्य परीक्षक. लोणीसाहेब स्वतः टेबलाशी आले. "तुझ्यासारखी समजूतदार माणसं हवीत," म्हणाले. मला शिसारी आली, काका. त्यांची, आणि ते ऐकून मान डोलावणाऱ्या माझीही.

दुसरीकडे साबणाच्या कारखान्यातून बोलावणं होतं, पण साध्या मदतनिसाचं. म्हणजे पुन्हा बाटल्या धुण्यापासून सुरुवात. आई म्हणते, चालून आलेलं सोडणारी तू कोण लागून गेलीस?

आठ दिवस हेच. तुम्हाला विचारावं म्हणून चारदा कागद घेतला आणि चारदा फाडला, कारण विचारायच्या आधी एक सांगावं लागलं असतं.

त्या टाकीचं तेल. नेहमीसारखं आपण दोघांनी तळहातावर चोळून हुंगलं आणि एकमेकांकडे न बघता चिठ्ठ्या लिहिल्या. तुमची 'खवट', माझी 'ठीक'. साहेब म्हणाले, काकांचं नाक म्हातारं झालं. महिन्याभरात तुम्हाला घरी बसवलं.

मला तेव्हा चोळायच्या आधीच खवट वास आला होता. सकाळी जिन्यात साहेब म्हणाले होते, "काका ही टाकी अडवणार. तू बघ काय ते." बस, एवढंच. साधी धमकीसुद्धा नाही, आणि मी शेपूट घातली. ते घाणेरडं तेल लोकांच्या घरी गेलं.

काल साहेबांना लिहून दिलं की खुर्ची नको, आणि माझी चिठ्ठी खोटी होती. नक्कल सोबत आहे. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरला, जणू मीच नासले होते. सोमवारपासून साबणाच्या कारखान्यात जाते.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. आज बाजारात काकू भेटल्या. म्हणाल्या, "हल्ली दूध नासलं का, ते हे मलाच हुंगायला लावतात. आपलं नाक गेलं म्हणतात." भर रस्त्यात मला स्वतःची किळस आली.

काका, तुमचं नाक कुठेही गेलेलं नाही. तेल खवटच होतं. मला माहीत होतं.

तुमच्याच हाताखाली वास ओळखायला शिकलेली,
दुसऱ्या चिठ्ठीवाली