खालच्या पाळीवरचा माणूस

आई, त्यांचं जहाज सापडलं. हे सांगायला घरात तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो "अरे वा" म्हणतो, म्हणून लिहायला बसले आहे. समुद्राच्या तळाची पाहणी करणाऱ्या एका बोटीला ते दिसलं. लढाईत ते कुठल्या बाजूला बुडालं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण नेमकं कुठं पडून आहे, ते इतकी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. सांगलीच्या घरी फोन आला, तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. पलीकडे हिंदी बोलणारा तरुण अधिकारी होता. त्यानं आधी माझं नाव विचारलं, मग त्यांचं नाव विचारलं, आणि म्हणाला, "मॅडम, आपके पिताजी का जहाज मिल गया है." मी गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. आधी मनात आलं ते हे, की आता आईला कसं सांगायचं. तू जाऊन बावीस वर्षं झाली, हे मागून आठवलं.

मला तू दिसतेस ती पाचगणीच्या त्या स्वयंपाकघरातच. बोर्डिंगच्या शाळेचं स्वयंपाकघर, धुरानं काळं झालेलं छप्पर, परातीत डोंगराएवढी कणीक. मेढ्याजवळचं आपलं गाव सोडून तू मला घेऊन तिथं स्वयंपाकाला लागलीस, कारण गावात सगळे तुझं कुंकू पुसायला निघाले होते आणि तू पुसू देत नव्हतीस. तुझ्या सासूनं तर भर अंगणात विचारलं होतं, "पोराचं दिवस घालू द्याचं का न्हाई?" तू म्हणालीस, "माणूस दावा, मग घाला." गावातले बाकीचे सगळे पलटणीत जायचे, त्यांनाच काय ती समुद्राची हौस. वेण्णा नदीच्या डोहात पोहायला शिकलेला माणूस, जहाजाच्या पोटात बॉयलरवर कामाला लागला. जहाज बुडालं तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यांचा चेहरा फोटोतलाच माहीत.

लढाईनंतरच्या उन्हाळ्यात त्यांचा एक सोबती त्या स्वयंपाकघरात आला होता. विट्याकडचा, त्याच जहाजावरचा, वाचलेल्यांपैकी. त्याच्या हाताला पट्टी होती आणि तो दारातच उभा राहिला, आत येईना. मी कणकेच्या चिमण्या करत बसले होते म्हणे. हे सगळं तू इतक्यांदा सांगितलंस की आता ते मला आठवतंच असं वाटतं. तो म्हणाला, "वहिनी, त्यो वर आला हुता. मी ह्या डोळ्यांनी बघितला. पाण्यात उडी टाकली, हात मारत हुता. मग लाटंनं लांब नेला." एवढंच सांगून तो गेला, चहालासुद्धा थांबला नाही. आणि तू तेवढ्यावर उरलेलं सगळं आयुष्य काढलंस. वर आले होते, पोहता येत होतं, मग कुणीतरी उचललं असेल. पलीकडच्या किनाऱ्याला लागले असतील. कैदी सुटून आल्याची बातमी आली की तू रजा टाकायचीस, एसटीनं साताऱ्याला जायचीस, सैनिक कार्यालयाच्या बाकावर बसायचीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचीस. मी कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. आल्या आल्या तू हातपाय धुऊन पीठ मळायला घ्यायचीस.

एकदाच तू मला मारलंस. शाळेत नव्या बाईंनी विचारलं, वडील काय करतात, आणि मी म्हणाले, वडील नाहीत. बाई सहज तुझ्याजवळ काही बोलल्या असतील. घरी आल्यावर तू माझ्या गालावर ठेवून दिलीस आणि मग स्वतःच रडायला लागलीस. "न्हाईत म्हनू नगंस," म्हणालीस. "आलं न्हाईत म्हन."

माझं लग्न होऊन मी सांगलीला आले त्यानंतर सरकारनं स्मारक बांधलं. घरच्यांना बोलावलं, तेव्हा आपण दोघी गेलो. तू समुद्र पहिल्यांदा पाहत होतीस. टेकडीवर काचेच्या मोठ्या पेटीत जहाजाची प्रतिकृती होती, तोफा, शिड्या, दोरखंड, सगळं अगदी हुबेहूब. तू तिच्याभोवती दोनदा फिरलीस, मग राखणदाराला विचारलंस, "आवं, ह्यात बॉयलरची खोली कुठं हाय?" मी त्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, आत खोल्याबिल्या काही नाहीत, आतून भरीव आहे. तू हो म्हणून मान हलवलीस. सगळ्या बायकांनी दगडावर फुलं वाहिली. तू पिशवीतली फुलं बाहेर काढली नाहीस. परतीच्या गाडीत खिडकीतून टाकून दिलीस. "जित्या माणसाला कशाला?" एवढंच म्हणालीस.

शेवटच्या दुखण्यात तू माझ्याकडे होतीस. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते तुलाही कळलं होतं. जावयाला जवळ बसवून घेतलंस आणि म्हणालीस, "त्ये आलं तर मेढ्याला धाडू नगा. तितं आता वळखीचं कोन न्हाई ऱ्हायलं. हितंच ठिवून घ्या." हे म्हणाले, "हो आत्या, इथंच राहतील." बाहेर येऊन हे मोरीत तोंड धुवत बराच वेळ उभे होते.

तर आता मला बोलावलं होतं, बंदरावरच्या एका मोठ्या सभागृहात. सगळ्या राज्यांतली माणसं होती. बहुतेक मुलं, तीही म्हातारी झालेली. पडद्यावर पाण्याखालचं चित्रीकरण दाखवलं. जहाज एका कुशीवर वाळूत पडलंय, आई. कोळ्यांची फाटकी जाळी अडकलीत, मासे आतबाहेर करतात. मध्येच कॅमेरा एका लोखंडी झाकणाशी थांबला आणि फोनवरचा तो तरुण अधिकारी म्हणाला, हा बॉयलर रूमचा दरवाजा, बंद आहे. मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, कोणी बंद केला? तो म्हणाला, पाणी शिरलं की बंद करावाच लागतो, बाकीचं जहाज वाचावं म्हणून. मी विचारलं, आणि आतले? तो म्हणाला, ही त्यांची समाधी आहे, आम्ही तिला हात लावणार नाही. कुणीतरी मला पाण्याची बाटली आणून दिली.

जेवणाच्या वेळी चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा सुनेला माझ्याकडे बोट दाखवत होता. मी जवळ गेले. "बॉयलरचं इचारलंस म्हनून म्हंतो, तू पाचगनीच्या वहिनींची ल्येक का गं?" त्यानं विचारलं. मी ओळखलं, हाच तो विट्याकडचा. म्हटलं, "तुम्ही आईला सांगितलं होतं, ते वर आले होते." तो म्हणाला, "न्हाई गं बाळ. मी वर तोफंजवळ हुतो. त्यो खालच्या पाळीवर हुता, बॉयलरवर. खालचं कुनीच वर आलं न्हाई." तो बोलत राहिला. "खरं सांगायलाच आलो हुतो मी. पर तुज्या आयीनं आदीच इचारलं, ह्यास्नी पवता येत हुतं, वर आलं असतील न्हवं? हातात पिठाचा गोळा तसाच. माज्या तोंडातनं व्हय निगून गेलं, मग फुडचं समदं रचलं. पुन्यांदा जाऊन सांगीन, सांगीन म्हनत ऱ्हायलो. धीरच झाला न्हाई." मग त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "वहिनींनी वाट तर बघितली न्हाई न्हवं गं?"

त्याचा हात थंड होता, हातावरची कातडी कागदासारखी. काय सांगणार होते मी त्याला? साताऱ्याचा बाक सांगू? खिडकीतून टाकलेली फुलं? मी म्हणाले, "नाही. आईला तेव्हाच कळलं होतं. तिनं वर्षाच्या आत सगळं आवरलं." त्यानं डोळे मिटले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुनेला म्हणाला, "च्या मिळंल का बघ." त्याला चहा गोड लागला असणार. मला त्याचा राग यायला हवा होता. आणला तरी येत नाही. कधी वाटतं, त्या एका शब्दानं तुझा जन्म खाल्ला. कधी वाटतं, तो शब्द नसता तर तू मला घेऊन विहिरीवर गेली असतीस. कुठलं खरं, ते सांगणारी तू, आणि तुलाच विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नौदलानं आम्हाला जहाजानं त्या जागेवर नेलं. इंजिन बंद झालं. पाणी सगळीकडे सारखंच होतं, इथं काही आहे असं वाटतच नव्हतं. अधिकाऱ्यानं खूण केली, इथं, बरोबर खाली. सगळे कठड्याशी गेले, आणि पाण्यावर वाकून आपापल्या माणसाला हाका मारायला लागले. कुणी पापा म्हणत होतं, कुणी अप्पा, एक पांढऱ्या केसांचा माणूस लहान मुलासारखा "बाबूजी, बाबूजी" करत होता. मीही फुलं घेऊन वाकले आणि तोंड उघडलं. पण मी त्यांना काय म्हणत होते, आई? आबा म्हणत होते, का दादा, का बापू? तुझ्या तोंडी कायम "ते", म्हणून माझ्याही तोंडी "ते". तीन वर्षांच्या पोरीनं त्यांना काहीतरी हाक मारलीच असेल, ते सुट्टीवर आले की दारातून पळत गेली असेल. ते फक्त तुला माहीत होतं.

सगळ्यांच्या हाका संपत आल्या, तरी मला शब्द सापडेना. शेवटी मी फुलं सोडली आणि तुलाच हाक मारली.