न खाल्लेल्या काजूंचा अहवाल

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या लाडक्या (निदान हे पत्र फोडेपर्यंत तरी) भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली, की तू आता तिच्या घरचा जिना काठीशिवाय उतरतेस आणि उतरताना जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात पायऱ्या मोजतेस. ऐकून बरं वाटलं. इकडे आम्ही खुशाल आहोत. काजूबिया उकडायची टाकी खुशाल आहे, सोलायला बसणाऱ्या चौदाही जणी खुशाल आहेत. कारखान्याची जागा लाकडी सामानाच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचं संमतीपत्र तू सही करून पाठवलंस, ते मिळालं. वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तुझंही बरोबर आहे. आता तुझ्याच्यानं धावपळ होत नाही आणि माझ्यावर सोपवावं असं मी आजवर काही केलेलं नाही.

म्हणूनच गेल्या पत्रात मी एवढ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की मी लक्ष घातल्यापासून त्याच बियांमधून महिन्याला दहा किलो गर जास्त निघतोय. त्याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला, निवडणीच्या टेबलावर हलवलेल्या ट्यूबलाइटला आणि रोज सकाळच्या माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाला दिलं होतं. ते पत्र तू जपून ठेवलं असशील तर फाडून टाक. ताईला वाचून दाखवलं असशील तर माझं नशीब.

झालं असं. दीड महिन्यापूर्वी आहारशास्त्राच्या संस्थेतून एक संशोधक बाई आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात वही, आणि बोलण्यात 'कदाचित' हा शब्द दर वाक्याला. रोज मूठभर काजू खाल्ल्यानं रक्तातली वाईट चरबी कदाचित कमी होते का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी रोज एका जागी, एका वेळी जमणारी माणसं हवी होती. मी लगेच आपल्या चौदाजणी पुढे केल्या. (मला वगळलं. माझं रक्त पाहून बाई म्हणाल्या, की तुमच्यावर वेगळं संशोधन करावं लागेल.) रोज सकाळी आठ वाजता, कामाला बसण्याआधी, विश्रांतीच्या खोलीत प्रत्येकीला तीस ग्रॅमची बिनमिठाची पुडी. काजू आपलेच, मोल संस्थेचं. मी दाराशी उभा राहून नावापुढे 'खाल्ले' असं लिहायचं. मी इतका उत्साहात होतो, की 'हृदयाचा सोबती' अशी पाचशे लेबलं छापूनही घेतली. बाईंनी ती पाहिली आणि चष्मा काढून पुसला. निकाल लागायच्या आधी असलं काही डब्यावर चिकटवलंत तर मी परत येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या वाक्यात 'कदाचित' नव्हतं.

चार आठवड्यांनी रक्त तपासलं. चरबी जिथल्या तिथे. वजन जिथल्या तिथे. बाई म्हणाल्या, काजूंचा काहीच परिणाम न होणं समजू शकतं, पण रोज तेवढं खाऊन चौदाजणींपैकी एकीच्याही शरीरात केसभर बदल नाही, हे विचित्र आहे. दुसऱ्या दिवशी मी 'खाल्ले' लिहून झाल्यावर, एखादी पुडी उरली असेल तर बघावी (डॉक्टरांना सांगू नकोस) म्हणून आत डोकावलो. आत काय पाहतो, तर चौदाजणी गप्प बसून पुड्या सोडताहेत. अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. मग सगळं उचलून कारखान्याच्याच मालाच्या डब्यांत. माझे दहा किलो, मावशी. माझी शिस्त, माझी ट्यूबलाइट आणि माझं भाषण.

तुझी तराजू आठवते ना? सगळ्यात जुनी सोलणारी, जिचा हात ग्रॅममध्ये चुकत नाही म्हणून तूच तिला हे नाव दिलंस. तिनं तुझाच दाखला दिला, "मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय, इथला गर तोंडात टाकायचा नाही. एकदा तोंड चटावलं की हात हळू होतो. तीस वर्षं नाही टाकला, आता काय टाकायचा?" मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, "तुम्ही इतके खुशीत होता, कशाला तुमचं मन मोडायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आता वही मिटणार. पण त्या भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि येत्या सोमवारपासून पहिल्यापासून सुरू करू म्हणाल्या. वर्षभराचं काम आहे. शिवाय त्यांच्या ओळखीनं इस्पितळाच्या स्वयंपाकघराची प्रमुख येऊन गेली. अख्ख्या गरात जे असतं तेच तुकड्यात असतं, मग आम्हाला तुकडेच द्या, असं ती म्हणाली. ज्या तुकड्यांकडे पाहून तू कपाळाला हात लावायचीस ते तुकडे! दोन पोती नमुन्याला नेली आणि परवा आणखी मागितली. मी यात काहीही केलेलं नाही, म्हणूनच मला वाटतं हे टिकेल.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार, भाचरांना गोड पापा.

तुझा आज्ञाधारक (हा शब्द ता. क. वाचून खोडलास तरी चालेल)
भाचा

ता. क. चौदाजणी खायला तयार आहेत, पण एका अटीवर. तू पत्रातून परवानगी दिलीस तर चालेल का, असं मी विचारलं. तराजू म्हणाली, "मोठ्या बाईंना एवढ्या वर्षांत एक गर खाताना कुणी पाहिलं नाही. आधी त्यांनी आमच्यासमोर खावा." त्यांना घालून दिलेला नियम तू स्वतःही पाळलास, हे मला तेव्हा कळलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू? रविवारच्या गाडीनं ये. खाली बसावं लागणार नाही, खुर्ची आणून ठेवली आहे.

ता. क. २. ते संमतीपत्र मी अजून व्यापाऱ्याकडे दिलेलं नाही. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो, एकदा तर चहाही पिऊन आलो. सोमवारी तूच आपल्या हातानं देऊन ये. त्याचं दुकान दहाला उघडतं. आपल्याकडे पुड्या आठला वाटतात.