लांब झालेला झगा

१७ नोव्हेंबर, दुपार

प्रिय चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. अक्षर पाहून कोंबडीचे पाय म्हणशील. म्हण. उजव्या हाताला जरा लागलंय, म्हणून डाव्याने लिहितेय. बाकी सगळं ठीक. खिडकीतल्या कुंडीला कळ्या आल्यात. शिलाई मशीनवर मात्र चादर घालून ठेवलीय.

जरा म्हणजे, मनगट मोडलंय. पडलेबिडले नाही गं, नुसती घट्ट बसलेली खिडकी ढकलली. डॉक्टरीणबाई आपल्या पोरींच्या वयाची. म्हणाली, “मावशी, उंची किती?”

“पाच फूट दोन.”

तिने भिंतीशी उभं करून मोजलं आणि म्हणाली, “होती.”

मग समजावलं. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं. ते असतं तोवर हाडांतलं कॅल्शियम धरून ठेवतं. ते आटलं की हाडं झिजतात, मणके दबतात, बाई बुटकी होते. मी ठणकावलं, “मी रोज दूध पिते.” तर म्हणे, “प्या की. पण नुसत्या दुधाने भागत नाही. आणि ज्यांची अंडाशयं लवकर काढलीत, त्यांनी तर फारच जपायला हवं.”

तिथेच तू आठवलीस. ऑपरेशन झालं तेव्हा तुझी चाळिशीही उलटली नव्हती.

तो निळा झगा मी शिवून पाठवला, तेव्हा तू फोनवर हसत म्हणालीस, “ताई, जमिनीवर लोळतोय हा! डोळे तपासून घे बाई.” किती लागलं मला! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर गुडघ्यांवर बसवून स्कर्टची किनार जमिनीला टेकते का बघायच्या, तेव्हापासून तुझी किनार मीच दुमडत आलेय. माझं माप चुकेल? मी फोन ठेवला तो ठेवलाच. दोन वर्षं झाली.

माप चुकलं नव्हतं, चिमणे. तूच उंचीने उतरली होतीस. जन्मभर मापं घेणारीला हे आधी कळायला हवं होतं, आणि मी फुगून बसले. तुझी लेक सांगत होती, पाठ सारखी दुखते, पण तू “वय झालं” म्हणून शेकत बसतेस.

हाडांची तपासणी करून घे. याच आठवड्यात. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण तेवढं कर.

आणि भिंतीशी उभी राहून लेकीकडून नवं माप घे. झगा टाकून दिला नसशील, तर त्या मापासकट पाठवून दे. हात प्लास्टरमधून सुटला की पहिली तीच किनार दुमडेन.

उशिरा माप कळलेली,
तुझी ताई